मुका 'पी' आणि माझे घोरणे

माझ्या घोरण्याची कीर्ती धरमपेठेतल्या आमच्या घराच्या भिंती ओलांडून शेजाऱ्यांपर्यंत पोहोचली, तेव्हा सौभाग्यवतींनी मला धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेले. तेथे डोक्यापासून पायापर्यंत तारा चिकटवून मला एक रात्र झोपवण्यात आले आणि पुढे पाच पानांचा अहवाल हाती पडला. त्यातला मुख्य शब्द असा होता की त्याच्या शेवटी ओ, ई आणि ए हे तीन स्वर एकमेकांना खेटून बसले होते. मराठी माध्यमाच्या संस्कारांनुसार मी तो दिसला तसा वाचला आणि फुटाळ्यावरच्या सकाळच्या मंडळींना गंभीरपणे सांगितले, "मला अपनोइआ झाला आहे."

"म्हंजे काय भाऊ?" एकाने विचारले. झोपेत श्वास किमान १० सेकंद थांबतो आणि माझा तासाला २२ वेळा अडखळतो, हे मी समजावून दिले. "मंग झोपेत दम अटकते म्हना ना सरळ!"

डॉक्टर मात्र त्याला 'ॲप्निया' म्हणाले. ते मी घरी येताच विसरलो, पण न्यूमोनियातला 'पी' मुका असतो हे शाळेत छडी खाऊन शिकलेले पक्के आठवत होते. त्यामुळे पुढच्या भेटीत मी सावधपणे 'पी' गाळून म्हणालो, "डॉक्टर, अनियाचे काय करायचे?" त्यांनी अदबीने विचारले, "मुलगी का आपली?"

नंतर शब्दकोश उघडला. दोन्ही शब्द ग्रीकांचे. ॲप्नियातला 'अ' तर थेट आपल्या अशक्त, अज्ञान यांतला नकारार्थी 'अ', आणि पुढे श्वास. शब्दाच्या आरंभी 'प्न' हे जोडाक्षर इंग्रजी जिभेला पेलत नाही, म्हणून तेथे 'पी' नुसता लिहायचा; आधी एखादा स्वर आला की त्याच्या आधाराने तोच 'पी' बोलू लागतो. साहेब पुढे असल्याशिवाय तोंड न उघडणारे कारकून आपण पाहिलेलेच आहेत. 'डायग्नोसिस'मधला 'जी' स्पष्ट ऐकू येतो, पण त्यातला ज्ञानवाचक 'ग्नोसिस' एकटा उभा केला की तो 'नोसिस' होतो. हा ग्नोसिस आणि आपले ज्ञान एकाच मूळ धातूचे, हे वाचून मला धीर आला. कारण 'ज्ञ'चा उच्चार आमच्या घरात 'द्न्य' होतो, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर 'ग्य' होतो, आणि त्यावरून नागपुरात आजवर कोणी कोणाला दवाखान्यात खजील केल्याचे ऐकिवात नाही.

उच्चार सुटला तरी अर्थ सुटतोच असे नाही. छातीच्या एक्स-रेच्या अहवालात माझ्या हृदयापुढे 'अनरिमार्केबल' असे लिहिले होते. याचा वैद्यकीय अर्थ 'दोष आढळला नाही' असा आहे, हे कळेपर्यंत दोन दिवस मी मनातून दुखावलेला होतो. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर हृदयात उल्लेखनीय असे काहीच नसावे? सौभाग्यवतींनी अहवाल वाचला आणि "बरोबर लिहिलंय," एवढेच म्हणाल्या.

आता उशाशी एक यंत्र आले आहे. ते नाकावरच्या मुखवट्यातून रात्रभर दाबाने हवा सोडते. त्याच्या नावाची चार इंग्रजी आद्याक्षरे जोडून 'सीपॅप' असे म्हणतात. त्यात दोन 'पी' आहेत आणि दोन्ही खणखणीत बोलतात. मुका झालो आहे तो मी.