आमच्याकडे कितासातो चालत नाहीत

ज्या देशात गाडी २० सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वे कंपनी जाहीर माफी मागते, त्या देशात आज मी हजार येनची खरी, कोरी, सरकारी नोट हातात धरून उपाशी राहिले.

गाडीची गोष्ट खरी आहे हो. २०१७ ची, त्सुकुबा एक्स्प्रेसची. मला पाठ आहे, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर धाकटे काका ती दर पावसाळ्यात नव्याने टाकतात. खाली हात जोडलेले आणि 'शिका काहीतरी.' काका, या तुम्ही इकडे. तिकीट मी काढते. आल्याआल्या तुम्हाला त्या कूपनच्या मशीनपुढे उभं करते आणि मग बघते कोण काय शिकतं ते.

रविवार. टोकियोतल्या आमच्या निशी-कासाईहून तोझाई लाइन, ताकादानोबाबाला उतरून सेइबु शिंजुकु लाइन, पार कोदाइराच्या पलीकडे. एक वाटी नूडल्स खायला एवढं कोण जातं? माझा नवरा जातो. त्याला सध्या मुसाशिनो उदोनचं वेड लागलंय. जाडजूड, मातकट रंगाचं, हाताने मळून पायाने तुडवलेलं उदोन, सोबत डुकराच्या मांसाचा गरम रस्सा, त्यात बुडवून खायचं. गाडीत बसल्यापासून त्याने पठाराचं व्याख्यान दिलं. मुसाशिनोच्या पठारावर पाण्याची बोंब, माती ज्वालामुखीच्या राखेची, भात पिकत नाही म्हणून गहू, लग्नकार्यातसुद्धा उदोनच. 'आपल्या माणदेशासारखंच गं.' अरे, माणदेशात भाकरी मागितली तर कुणी नोटेचं साल विचारत नाही.

तर रांग. ऊन मी म्हणतंय, सावली फक्त पहिल्या चार माणसांना, बाकी सगळे भिंतीला चिकटून. दुकान ११ ला उघडतं आणि पीठ संपलं की बंद. हे 'संपलं की बंद' म्हणजे माझ्या डोक्यात जातं. रविवारी किती लोक येतात हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही? दोन किलो पीठ जास्त मळा ना! काचेतून दिसतंय, आत आजोबा लाटतायत, घडी घालतायत, त्या रुंद सुऱ्याने कापतायत, खट खट खट, एका मापात, घाई नाही गडबड नाही. बाहेर आमची भजी होतायत आणि आत आजोबा प्रत्येक जुडी उचलून, पीठ झटकून, हलकेच पेटीत ठेवतायत. नवरा म्हणतो, 'बघ, काय तन्मयता!' मला त्या क्षणी तन्मयता या शब्दाचाच राग आला.

आला नंबर. दारातच केनबाईकी, म्हणजे ते कूपनचं मशीन. फोटो एकही नाही, नुसती बटणं आणि त्यावर बारीक जपानी अक्षरं. मागे वीस माणसं. मी शहाण्यासारखी आधीच ठरवून आलेली, वरचं डावीकडचं बटण, दुकानाचा खास पदार्थ बहुतेक तिथेच असतो. ९०० येन. नोट घातली. झूंऽऽ करून आत गेली, झूंऽऽ करून बाहेर आली. उलटी करून घातली. बाहेर. मांडीवर घासून सरळ केली. बाहेर. मग माझं लक्ष वर गेलं. मशीनच्या डोक्यावर पिवळा पडलेला कागद, कडेला पिठाचे ठसे, आणि त्यावर वाकून नमस्कार करणारं एक कार्टून: नव्या नोटा चालत नाहीत, नवं ५०० चं नाणं चालत नाही, सुटे मिळणार नाहीत.

हा कागद मशीनवर का? रांगेत का नाही? रांगेत बाकी सगळं लावलंय! सगळे आल्याशिवाय आत सोडणार नाही, प्रत्येकाने स्वतंत्र कूपन घ्यावं, मोठ्याने बोलू नये, शेजाऱ्यांच्या गेटसमोर उभं राहू नये, सायकल इथे नको, तिथे नको. भिंतभर सूचना. फक्त जी कळल्याशिवाय जेवण मिळणार नाही, ती तासभर उन्हात भाजून झाल्यावर!

नव्या नोटा म्हणजे कालपरवाच्या नव्हेत. ३ जुलै २०२४ ला आल्यात. त्यावर होलोग्राम असा की नोट हलवली की आतलं डोकं वळतं, नोटेवर असं जगात पहिल्यांदाच म्हणे. हजारावर डॉक्टर कितासातो शिबासाबुरो. बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या हाताखाली शिकलेला माणूस, धनुर्वाताचे जंतू वेगळे काढणारा. १८९४ ला हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी एक. तोच प्लेग दोन वर्षांनी मुंबईत उतरला, तिथून पुण्यात, आणि १८९७ साली पुण्यात पुढे काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. एवढा मोठा माणूस! आणि त्याला ते डबडं दर वेळी जीभ काढून बाहेर टाकतंय. चालतात कोण, तर जुन्या हजारावरचे नोगुची हिदेयो, २००४ पासूनचे. हे नोगुची काही काळ याच कितासातोंच्या संस्थेत नोकरीला होते. म्हणजे हाताखालच्या माणसाला आत पायघड्या आणि साहेब दाराबाहेर.

तेवढ्यात नवऱ्याच्या पाकिटातून, विमा कार्डाच्या मागून, एक चुरगळलेला नोगुची निघाला. एकच. आणि या माणसाने काय केलं असेल? नोट घातली, बटण दाबलं, कूपन घेतलं आणि मला म्हणाला, 'मी आत जाऊन जागा धरतो, तू सुटे घेऊन ये.'

जागा धरतो!

काउंटरच्या आजींना विचारलं, बदलून द्याल का. त्यांनी दोन्ही हातांची फुली केली आणि कमरेतून वाकल्या. मोउशिवाके आरिमासेन, म्हणजे मनापासून माफ करा. इथेच मी खचते. वाकलेल्या माणसाशी भांडायचं कसं? आमच्या कोल्हापुरात मिसळवाल्याकडे सुटे नसतील तर तो करवादतो, आपण करवादतो, मग तोच शेजारच्या पानपट्टीतून सुटे आणून देतो आणि वर 'वहिनी, कट देऊ का अजून' विचारतो. भांडण पूर्ण होतं. इकडे तुमचा राग घशाशी येतो, समोरचा वाकतो, तुम्हीही वाकता, आणि तो राग तसाच पोटात घेऊन तुम्ही कोन्बिनीकडे, म्हणजे जवळच्या छोट्या स्टोअरकडे, चालू लागता. मागच्या रांगेतलं कुणी काही बोललं नाही. बोलतच नाहीत. एकाने नुसता श्वास सोडला. नंतर वळून पाहिलं तर माझ्या मागच्या आजोबांनी चामड्याचा बटवा उघडून शंभराची नाणी एकेक करून आत सोडायला सुरुवात केली होती. टण. टण. टण.

कोन्बिनीत गल्ल्यावर पाटी: सुटे देत नाही. बरं. मुगिचाची, म्हणजे जवाच्या चहाची, बाटली घेतली, हजाराचा कितासातो दिला. तिथलं मशीन त्याला बघून खूश, लगेच गिळला. आणि परत काय दिलं? तीन शंभर, थोडी चिल्लर आणि एक ५०० चं नाणं. दोन रंगांचं. नवं. नोव्हेंबर २०२१ पासून हे नाणं चलनात आहे, तेव्हा आम्ही मास्क लावून फिरत होतो, तरी त्या उदोनवाल्याच्या मशीनला अजून त्याची ओळख पटत नाही. मग एक ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, घेतली. परत तेच. दोन रंगांचं. त्या गल्ल्याच्या पोटात जुनं नाणं नव्हतंच बहुतेक. शेवटी तिथल्या पोरीला दया आली, शंभराची नाणी काढून दिली. काढून देताना तीसुद्धा वाकली.

पळत आले. दारावर लाकडी पाटी उलटी झालेली. संपलं.

आणि काचेच्या आत, खिडकीजवळच्या खुर्चीवर, माझा नवरा. मान खाली, दोन्ही कोपर टेबलावर, उदोन ओढतोय. सुर्रऽऽ. काचेबाहेर आवाज आला नाही, पण मला आला. त्याच्या शेजारी ते बटव्यावाले आजोबा, तेही ओढतायत. माझ्यासाठी धरलेली जागा ती. माझी!

मी काचेवर टकटक केली. नवऱ्याने वर पाहिलं आणि अंगठा दाखवला.

आता मागचं सगळंच आठवतंय. सासूबाई आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. माळकरी बाई, अंडंसुद्धा वर्ज्य. वेट्रेसला तीनदा विचारलं, मासा नाही ना? नाही, अजिबात नाही. आलं ते भाज्यांचं उदोन, वर गाजर, पालक, मशरूम, आणि खालचं पाणी कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवलेल्या माशाचं. इकडच्या हिशेबात दाशी, म्हणजे हे असं उकळलेलं पाणी, मासा नव्हेच, ती नुसती चव असते. सासूबाईंनी वास घेतला, वाटी हळूच माझ्याकडे सरकवली आणि पिशवीतून थर्मास काढून वरण प्यायल्या. जपानमध्ये, हॉटेलात, टेबलाखाली धरून.

आणि ते हाताने केलेल्या सोब्याचं, म्हणजे बकव्हीटच्या (कुट्टूच्या) नूडल्सचं, नामांकित दुकान! जुवारी म्हणजे निव्वळ बकव्हीटचं, निहाची म्हणजे ८० टक्के बकव्हीट आणि २० टक्के गहू, वगैरे सगळं कौतुकाने ऐकून घेतलं. आलं काय? बांबूच्या चटईवर ढीग. चटई मधे फुगीर असते, म्हणून ढीग दिसतो. तिसऱ्या घासाला काठी बांबूला लागली. पोट रिकामं ते रिकामंच, आणि मग लाखेच्या किटलीतून सोबा उकळलेलं पाणी आणून ठेवलं, हे प्या. म्हणजे उरलेली भूक पाण्यावर भागवा.

ओढण्याचं तर विचारूच नका. मला जमत नाही. मी ओढायला गेले की अर्धं पाणी ब्लाउजवर आणि टाळू भाजलेली. नवऱ्याला ऑफिसातल्या लोकांनी शिकवलंय. हल्ली तो घरी आमटीसुद्धा ओढतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या आईने विचारलं, 'सर्दी झालीय का रे?'

परतीच्या गाडीत त्याने दुकानाची बाजू घेतली. नव्या मशीनला लाखो येन लागतात, दोन म्हाताऱ्यांचं दुकान, वाटीला हजाराच्या वर भाव गेला की गिऱ्हाईक फिरकत नाही, नऊशेच्या वाटीत असं काय सुटतं त्यांना? सगळं मान्य. मला त्या आजोबांबद्दल काही म्हणायचंच नाही, त्यांचे मनगटाचे पट्टे मी पाहिलेत. मला म्हणायचंय ते ह्याच्याबद्दल, ज्याने पोटभर खाऊन मला अर्थशास्त्र सांगितलं. आणि माझी समजूत घालायला काय म्हणाला? 'एवढं काही खास नव्हतं गं, जरा खारट होतं.' खोटं. ओठ चाटत सांगत होता.

आणि आमच्याकडे कोपऱ्यावरची भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीपुढे क्यूआर कोड ठेवते. काका, हे टाका ग्रुपवर.

खरं सांगायचं तर मला उदोन विशेष आवडतही नाही. अळणी लागतं. मी पर्समध्ये कांदा-लसूण मसाल्याची डबी ठेवते आणि कुणी बघत नसताना रस्सा लाल करून घेते; आज मिळालं असतं तर तिथेही केलंच असतं आणि त्या आजींनी फुलीवर फुली केली असती. म्हणजे ज्या पदार्थाची मी पाच मिनिटांत वाट लावणार होते, तो मिळाला नाही म्हणून दुपारपासून धुमसतेय. आत्ता फ्रीजरमधून उदोनचं पाकीट काढलं, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, वर शेंगदाणे, लिंबू पिळलं. चांगलं झालं होतं. नवऱ्याला दिलं नाही. त्याने विचारलंसुद्धा, 'मला?' मी दोन्ही हातांची फुली केली आणि वाकले.

पण मी सोडणार नाहीये. पुढच्या रविवारी जाणार, दहा वाजता जाणार, सावलीतल्या पहिल्या चारांत उभी राहणार, एकटी. त्यासाठी जुन्या नोटा गोळा करायला घेतल्यात आणि त्या वेगळ्या पाकिटात, नवऱ्याच्या नजरेआड ठेवल्यात. निशी-कासाईत कुणाकडे जुने नोगुची पडून असतील तर कळवा, स्टेशनवर येऊन घेऊन जाईन. बदल्यात कोरे कितासातो देईन, नोटेमागे एक चकली.