बर्फाचा आनंद घेण्याची घाई

ज्या प्रदेशात पाऊसदेखील उभ्या उभ्या येऊन चपला न काढताच निघून जातो, तिथे बर्फ पडणे ही घटना हवामानापेक्षा मंगलकार्याच्या अधिक जवळची असते. तिची वाट सगळे वर्षानुवर्षे पाहतात, ऐन वेळी घरातली एकही वस्तू जागेवर सापडत नाही आणि ती पार पडल्यावर घर आवरायला दोन दिवस लागतात. आमच्या अंगणात यापूर्वी बर्फ पडला तेव्हा माझा मुलगा पाळण्यात होता. आता तो मला माझ्या चुका समजावून सांगण्याच्या वयाला आला आहे.

पहिली चूक मी आदल्या रात्रीच केली. खिडकीबाहेरच्या तापमापकात पारा शून्याच्या वर तीन अंशांवर असल्याचे पाहून, पारा शून्याखाली गेल्याशिवाय बर्फ पडत नसतो, असे मी कुटुंबप्रमुखाला शोभेल अशा आवाजात जाहीर केले आणि झोपायला गेलो. कोरड्या हवेचे गणित वेगळे असते, हे मला नंतर कळले. खाली येणाऱ्या हिमकणाच्या अंगावरची थोडी वाफ होत राहते आणि माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने तो कण आणि त्याच्या भोवतालची हवा गार होत जाते. त्यामुळे जमिनीलगत तीन-चार अंश असतानाही तो शाबूत पोहोचू शकतो. अर्थात हवा फारच कोरडी असेल तर तो वरच्या वर नाहीसाही होतो. इतक्या वर्षांत आमच्या वाट्याचा किती बर्फ असा मधल्या मध्ये गडप झाला असेल, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

पहाटे मला जाग आली ती शांततेमुळे. ताज्या भुसभुशीत बर्फात निम्म्याहून कितीतरी अधिक हवाच असते आणि त्यातल्या असंख्य पोकळ्या आवाज गिळून टाकतात. परंतु त्या क्षणी मला मात्र कानांत दडे बसल्यासारखे वाटले. मी कान चोळत असतानाच पत्नीने पडदा सरकवला आणि म्हणाली, “अहो, बाहेर बघा. शून्याखाली गेल्याशिवाय पडत नाही तो पडलाय.”

यानंतरचा पाऊण तास आम्ही बाहेर जाण्याच्या तयारीत घालवला. थंडीचे कपडे कोठे असतात याबद्दल घरातल्या प्रत्येकाचे मत ठाम आणि वेगवेगळे होते. शेवटी मुलाला दोन हातमोजे मिळाले, दोन्ही डाव्या हाताचे. मी हातांत पायमोजे चढवले आणि बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. अशा पोशाखात मनुष्य निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेण्यास निघाला आहे, असे पाहणाऱ्याला वाटणे अवघड असते.

अंगणात मात्र खरोखरच अपूर्वाई होती. कुंड्या, पाण्याची टाकी, वर्षभर हलवायची राहून गेलेली मोडकी खुर्ची, सगळ्यांवर एकसारखी पांढरी दुलई पसरली होती आणि आमचे अंगण आयुष्यात पहिल्यांदाच आवरलेले दिसत होते. मी कंपासपेटीतली पट्टी खोचून खोली मोजली, ती चार सेंटिमीटर भरली. दहा सेंटिमीटर बर्फाचे साधारण एक सेंटिमीटर पाणी होते असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे ही सगळी धांदल चार मिलिमीटर पाण्यासाठी चालली होती. एवढ्या पावसासाठी मी छत्रीही उघडली नसती.

मग हिमकण निरखण्याचे ठरले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून 1885 मध्ये एका हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली, हे मी वाचले होते. मी काळ्या स्वेटरच्या बाहीवर एक कण झेलला, भिंग लावले, त्याच्या सहा नाजूक भुजा स्पष्ट दिसल्या आणि मी आनंदाने “वा!” म्हणालो. त्या उच्चारासरशी कणाचा थेंब झाला. त्यानंतरचे अकरा कणही मी याच शब्दाने संपवले. बाराव्याला मुलाने भिंग काढून घेतले.

हिममानवाचा प्रसंग मला थोडक्यात सांगावासा वाटतो. मध्यरात्रीनंतर पारा चांगलाच खाली घसरल्यामुळे आमचा बर्फ पिठासारखा कोरडा झाला होता. बर्फाचा गोळा वळायला कणांवर पाण्याचा पातळ थर असावा लागतो, तो नसेल तर मूठ उघडताच सगळे भुरभुर खाली पडते. “पाणी शिंपडून बघा,” असे पत्नीने सुचवले. शिंपडलेल्या पाण्याचा ताबडतोब कडक पापुद्रा झाला आणि आतला भुसा तसाच राहिला. केरसुणी आणि सुपली यांच्या साहाय्याने दोन तासांत जे उभे राहिले, त्याकडे पाहून शेजारच्या मुलीने अत्यंत आदबीने विचारले, “काका, हे वारूळ आधीपासून इथं होतं का?”

तोवर ऊन आले होते, आणि येथून पुढे आनंद घेण्याला खऱ्या अर्थाने घाई आली. छायाचित्र काढायला मी घरातून भ्रमणध्वनी घेऊन येईपर्यंत खुर्चीची एक बाजू उघडी पडली होती. कुटुंबाला ओळीत उभे करेपर्यंत मागची पार्श्वभूमी गेली होती. “हसा, लवकर हसा,” असे मी ओरडत होतो आणि एकेक कुंडी मूळच्या रंगावर येत होती. मला सर्वांत जिव्हारी लागले ते असे, की बर्फ गेला तिथली बरीचशी जमीन ओलीसुद्धा नव्हती. कोणीतरी झाडून नेला असावा, असा संशय मी बोलून दाखवला.

“बाबा, याला संप्लवन म्हणतात,” मुलगा म्हणाला. “तो न वितळता सरळ वाफ होऊन जातो.”

नुसते वितळायला लागते त्याच्या सुमारे आठपट उष्णता या मार्गाने जायला लागते. तेवढी खर्च करूनही बर्फाला आमच्या अंगणातून पाणी होऊन जाण्यापेक्षा थेट हवेत जाणे पसंत पडावे, हा मला सरळसरळ अपमान वाटला. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात वर्षाकाठी पडणारा बर्फ पाण्याच्या हिशोबात जेमतेम पन्नास मिलिमीटर भरतो, कोरडेपणात आम्ही त्याच्यापुढे काहीच नाही. पण तिथे जो येतो तो बहुतेक राहायलाच येतो.

दुपारी वारुळाच्या सावलीच्या बाजूला उरलेला बर्फ मी एका वाडग्यात खरवडून घेतला आणि पुढच्या बर्फापर्यंत पुरावा म्हणून फ्रीजच्या बर्फकप्प्यात जपून ठेवला. तो तिथेही आकसत गेला, त्याची पिसे जाऊन खडे झाले, तरी मी कोणाला हात लावू दिला नाही. महिनाभराने, नेमक्या त्या दिवशी परगावी असलेले आमचे मेहुणे आले. चार सेंटिमीटरच्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा मी उठून तो वाडगा त्यांच्यासमोर आणून ठेवला.

त्यांनी वाकून पाहिले, एक खडा बोटाने फिरवला आणि म्हणाले, “दाजी, फ्रीजमध्ये बर्फ असायचाच.”