लग्नात लोकनृत्य ठेवताय? यादी जाणकारांच्या हातात देऊ नका

लग्नात लोकनृत्य ठेवायचं ठरलं की यादी करायला कोण बसतं? ज्यांना उत्तम नाचता येतं तेच. साहजिकच यादीही त्यांच्या सोयीची होते. मग दोन नाचांनंतर मधोमध तीच आठ-दहा मंडळी आणि बाकीचे भिंतीला टेकून मोबाईलवर शूटिंग करताहेत. कडवट वाटेल, पण सांगतेच: लग्नातलं लोकनृत्य जाणकारांसाठी नसतंच. त्यांना वर्षभर क्लास आहेत, वर्कशॉप आहेत.

सुरुवात डोळे झाकून रिंगणाने करा. रिंगणात कितीही माणसं मावतात, मधेच कुणी शिरलं किंवा पाणी प्यायला गेलं तरी काही अडत नाही. होरा घ्या (ज्यू लग्नांत हात धरून करतात तो रिंगणाचा नाच), दोन टाळीचा गरबा घ्या, शेजाऱ्याच्या पायांकडे बघत बघत दोन-तीन फेऱ्यांत जमून जातो. उलट अमेरिकन स्क्वेअर डान्सला एका चौकोनात बरोबर चार जोड्या लागतात. सातच जण असले की आठवा शोधण्यात वेळ जातो, आणि एक जण गडबडला की सगळेच अडकतात. आपल्यामुळे विचका झाला असं ज्याला एकदा वाटलं, तो रात्रभर खुर्ची सोडत नाही.

जोडीच्या नाचात आणखी एक गंमत. नवखे नवरा-बायको एकमेकांना सोडतच नाहीत. दोघांनाही उजवं-डावं कळत नसतं, आणि वाद तिथेच सुरू! म्हणून सर्केशियन सर्कलसारखा, दर फेरीला जोडीदार बदलणारा नाच लवकर घ्या. इथे जाणकार खरे कामाला येतात. त्यांना आधीच बाजूला घेऊन बजावा: घोळका करायचा नाही, मीठ पेरल्यासारखं सगळीकडे पांगायचं. आणि तोंडाने शिकवायचं नाही. शेजारचा चुकीच्या बाजूला वळू लागला की हाताला हलकीशी ओढ द्यायची, बस्स. हात धरतानाही बोटं नुसती अडकवायची, अंगठ्याने आवळायचं नाही. गिरकी घेताना मनगट मुरगळतं ते त्या आवळण्यामुळेच.

माईकवर कोण, यावर मात्र कंजुषी नको. कॉन्ट्रा डान्समध्ये, म्हणजे लांब रांगांत समोरासमोर उभं राहून जोडीने करायच्या नाचात, संगीत सुरू होण्याआधी सगळ्यांना एकदा नुसतं चालवून घेतात. मग माईकवरचा माणूस प्रत्येक हालचाल ती करायच्या जरासं आधी सांगतो आणि लोकांना जमू लागलं की हळूहळू गप्प होतो. हे गप्प होणं भल्याभल्या नर्तकांना जमत नाही. दोन-तीन मिनिटांत समजावता येत नसेल तो नाच यादीतून सरळ काढून टाका, कितीही देखणा असो.

स्ट्रिप द विलो हवाच असेल तर लोक जरा सैलावल्यावर घ्या. स्कॉटलंडमधल्या ‘केली’ म्हणजे नाचगाण्याच्या मेळाव्यातला हा नाच, कोपरात कोपर अडकवून गिरक्या घेत ओळीच्या टोकापर्यंत जायचं. धमाल येते, पण लांब घोळाचे कपडे आणि उंच टाचा तिथे धोक्याच्या.

जाणकारांचा हट्टाचा एखादा अवघड नाच असतोच. तो मध्यावर ठेवा, बाकीचे दम खात असतील तेव्हा. एकच. शेवट पुन्हा रिंगणानेच करा, आणि बँडला आधीच सांगून ठेवा की वेग वाढवायचा नाही. शेवटी शेवटी त्यांनाही चेव येतो.