सिंगल आहात म्हणून उदास, की रविवारी संध्याकाळी पाच वाजता उदास?

सिंगल माणूस जरा खचलेला दिसला की सल्ले ठरलेले असतात. ‘स्वतःवर प्रेम कर’, ‘छंद जोपास’, ‘कुठेतरी फिरून ये’, नाहीतर थेट ‘लग्न करून टाक’. पहिल्या तिघांतून उद्या सकाळी उठून नक्की काय करायचं हे कळत नाही. चौथा नेमका आहे, पण दुखणं भलतंच धरलंय. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जर्मनीतल्या हजारो लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. लग्नाच्या सुमारास समाधान वाढतं आणि काही वर्षांत सरासरी माणूस पुन्हा आपल्या जुन्या पातळीवर येतो, असं त्यात दिसलं.

तरीही सिंगल माणसाला काहीतरी कमी पडतं हे खरंच. घरातलं दुसरं माणूस प्रेमाखेरीज बरीच फुटकळ कामं नकळत करत असतं. उठवतं. जेवलास का, विचारतं. ऑफिसातली कटकट ऐकून घेतं. सुट्टीचं काहीतरी ठरवून टाकतं. रात्री एक वाजता ‘ठेव आता तो मोबाइल’ म्हणतं. एकट्याच्या घरात ही कामं करायला कुणी नसतं, आणि उदासी यातल्याच एखाद्या फटीतून आत शिरते. जोडीदार मिळेपर्यंत थांबायची गरज नाही, फट सापडली की ती बुजवता येते.

सापडायची कशी? सात दिवस, दिवसातून चार वेळा, एकेक ओळ लिहा. मन ० (अगदी खचलेलं) ते १० (एकदम मजेत) मध्ये किती, आत्ता काय चाललंय, शेवटचं कधी खाल्लं, शेवटचं कुणाशी बोललो. ओळ त्याच वेळी लिहायची. आठवड्याची वही शेवटच्या दिवशी एकदम भरली तर ती वाया गेली, कारण उदास मनाला मागचे सातही दिवस उदासच आठवतात. वेळच्या वेळी लिहिलं की बहुतेकांना कळतं, आपण ‘नेहमी’ खचलेले नसतो. ठरावीक दोन-तीन तास वाईट जातात. घरी परतल्यावरचा पहिला तास, रविवारची संध्याकाळ, रात्री अकरानंतरचं स्क्रोलिंग.

आता उपाय त्या तासावर करायचा. पीटर लेविनसोन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेलं सूत्र अजूनही उपचारात वापरतात. उदास माणूस कमी करतो, त्यामुळे बरं वाटायचे प्रसंग कमी येतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो. मूड आल्यावर करू म्हणाल तर तो यायचा नाही. आधी कृती, मूड मागाहून. पण कृती लिहिताना ‘व्यायाम’ असं लिहू नका. ‘सव्वासहाला बूट घालून १० मिनिटं चालणं’ असं लिहा. जेवढं जमेल वाटतं त्याच्या निम्मंच ठरवा. करण्याआधी ‘किती बरं वाटेल’ याचा आकडा लिहा आणि झाल्यावर खरा आकडा. उदास असताना आपला अंदाज सहसा कमीच निघतो. ही तफावत चार-पाच वेळा स्वतःच्या अक्षरात पाहिली की ‘काय उपयोग आहे’ हा आतला आवाज जरा खाली येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, सोमवारी सात नव्या सवयी सुरू करणं. बुधवारी सगळं ढेपाळतं आणि वर अपराधीपणा. दोन, यादीत नुसती कामंच. अख्खा रविवार कपाटं आवरली की कपाटं लख्ख होतात, मन होतं तिथेच. यादीत काम हवं, मजा हवी आणि माणूस हवं. रविवारच्या संध्याकाळचं शुक्रवारीच ठरवून ठेवा, शक्यतो दुसऱ्या कुणाला शब्द देऊन. पडत्या तासात निर्णय घ्यायची ताकदच नसते.

माणसांचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण इथे लोक अगदी लवकर हार मानतात. संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, मित्र म्हणावं अशी व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. हिशोब करून बघा. आठवड्याला दोन तासांचा क्लास असेल तर ५० तासांना २५ आठवडे. आपण तीन वेळा जातो, कोपऱ्यात बसतो आणि ‘माझं कुणाशी जमत नाही बुवा’ म्हणून सोडतो. म्हणजे सहा तासांत निकाल! म्हणून एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा तीच माणसं, तीच वेळ, दर आठवडा असं काहीतरी निवडा. गायन, बॅडमिंटन, भाषेचा वर्ग, काहीही. क्लास संपल्यावर लगेच पळू नका. दहा मिनिटं रेंगाळा, ओळखी तिथेच होतात. आणि आपण समोरच्याला आवडलो नाही असं वाटलं तर त्या वाटण्यावर फार विश्वास ठेवू नका. पहिल्या गप्पांनंतर माणसं हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी करतात, हेही अभ्यासांत दिसलंय.

जुन्या मित्रांना ‘कसा आहेस’ असा मेसेज टाकला तर ‘मजेत’ येतं आणि विषय संपतो. ‘शनिवारी सकाळी सातला तासभर चालायला येतेस का?’ याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. संसारात बुडालेल्या मित्रांकडे खास भेटीचा हट्ट धरू नये. त्यांच्या चालू कामात सामील व्हावं. मुलाला मैदानावर सोडायला ते जाणारच असतात, तुम्हीही जा.

स्पर्शाची उणीव वेगळी, आणि तिला पुरता पर्याय नाही. नृत्याचा वर्ग, मसाज, मित्राची घट्ट मिठी, कुत्रं-मांजर यांनी थोडं भागतं. थोडंच.

शरीराकडे वळायचं तर उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. उठल्यावर २० ते ३० मिनिटं बाहेर उजेडात जा, ढगाळ आकाशाखालीसुद्धा घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो. कॅफिन शरीरात निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचची कॉफी रात्री दहाला निम्मी शिल्लक असते. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. आणि ताट वाढून, बसून जेवा. ओट्याशी उभ्याने पातेल्यातून खाणं हे जेवण नव्हे.

जुन्या जोडीदाराचं प्रोफाइल ३० दिवस म्यूट करा. डेटिंग ॲप उघडायचंच तर दिवसाउजेडी, २० मिनिटं. मनाचा आकडा ३ किंवा त्याखाली असताना नाहीच, त्या वेळी उत्तर न येणंही नकार वाटतं.

मनात तेच तेच घोळत असेल तर एक कसोटी लावा. पाच मिनिटांच्या विचारातून पुढचं एक पाऊल निघालं का? नसेल तर तो विचार नव्हे, रवंथ आहे. उठून जागा बदला. खोल सल असेल तर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची पद्धत आहे. सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता त्या सलीबद्दल लिहायचं आणि मग थांबायचं. लिहून झाल्या झाल्या जड वाटतं, म्हणून झोपण्यापूर्वी लिहू नका.

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस उरला नसेल, जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांनीही अशी मरगळ येते, ते तपासता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, हेल्पलाइनला किंवा इस्पितळात फोन करा आणि ती रात्र एकट्याने काढू नका.

एकट्या माणसाचं बिघडलेलं बाहेरून कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बरं चाललेलं असतानाच एका व्यक्तीला सांगून ठेवा : ‘तीन दिवस माझा मेसेज आला नाही तर फोन कर, आणि उचलला नाही तर घरी ये.’ घराची एक किल्लीही तिच्याकडे देऊन ठेवा.