रेंजची लिस्ट कायले करतो बे?

बाहेर ४५ डिग्री, कूलरमधलं पाणी आटलेलं, अन् आमच्या टीमचा राजा पुन्हा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत १०० कोटी आकड्यांची रेंज (ओळीनं येणारे आकडे) लिस्टमध्ये (सगळे आकडे एकदम मेमरीत मांडणारी यादी) कोंबतोय! कायले बे? पायथन ३ मधली रेंज मागितला तेवढाच आकडा काढून देते, ४८ बाइटमध्ये मावते बिचारी. लिस्ट केली की नुसत्या पॉइंटरलाच (आकड्यांचे मेमरीतले पत्ते) ८ जीबी, वर दर आकड्याचे २८ बाइट वेगळे. १६ जीबीचा लॅपटॉप आहे, गोदाम नाही! ठेल्यावर तर्री-पोहे खाताना अख्खं पातेलं अंगावर ओतून घेतो का? परवाच बेरजेतले लिस्ट बनवणारे चौकोनी कंस काढून जनरेटर (लागेल तसा एकेक आकडा देणारा) करून दिला. आज पाहतो तर कंस परत जागच्या जागी! वर म्हणतो, "दादा, रॅम वाढवून मागा ना."