उन्हात वाळत घातलेली घड्याळं

सकाळी सव्वानऊला मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत दोन्ही हातांत घड्याळ धरून उभा असतो. वेळ बघायला नाही, घड्याळाला ऊन दाखवायला. समोरच्या आजी पहिले काही दिवस मला बघून हात जोडायच्या. त्यांना वाटलं, जोशांचा मुलगा अर्घ्य द्यायला लागला.

प्रकाशावर चालणारी जुनी टेबल घड्याळं जमवायचा मला नाद आहे. 1954 साली अमेरिकेत बेल लॅब्सने सिलिकॉनचा सौर सेल जगाला दाखवला, आणि रोज चावी द्यायची कटकट आता संपलीच, असं घड्याळवाल्यांना वाटू लागलं असावं. स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिपचीही त्या काळातली अशी घड्याळं आहेत. ती मी फोटोत बघतो आणि फोन पालथा ठेवतो. माझी धाव पश्चिम जर्मनीच्या कीन्झलेच्या 'हेलिओमॅट'पर्यंत आणि त्याच्या गरीब भाऊबंदांपर्यंत. एकूण पाच आहेत. बायको 'पाच' म्हणत नाही, 'एवढी' म्हणते.

यांचं पोट साधं असतं. काळसर पट्टीवर उजेड पडला की वीज तयार होते, ती आतल्या छोट्या सेलमध्ये साठते आणि त्या शिधोरीवर घड्याळ रात्र काढतं. पण साठ वर्षांत हा सेल कोरडाठाक झालेला असतो. मग घड्याळ रोज कमावणार, रोज खाणार. ऊन गेलं की तासाभरात मान टाकणार.

आणि ऊन आणायचं कुठून? आमची गॅलरी दक्षिणेला. घर घेताना आईला सांगितलं होतं, भरपूर उजेड. डिसेंबरात तो खरंच सोफ्यापर्यंत येतो. पण मेच्या मध्यावर सूर्य ठाण्याच्या बरोबर डोक्यावरून पुढे सरकतो आणि जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी उत्तरेलाच असतो. म्हणजे तलावपाळीवर डांबर वितळत असताना आमच्या गॅलरीत थेट ऊन नाही! उत्तरेला एकच खिडकी, संडासाची. त्या दोन महिन्यांत माझी सगळी जर्मन मंडळी तिथल्या कठड्यावर, फिनेलच्या बाटलीशेजारी बसतात. एकदा सासरे आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. शेवटी आतूनच आवाज आला, ''जावईबापू, यातलं बरोबर कुठलं?''

खरं उत्तर द्यायला मी धजलो नाही. तसं उन्हाचं गणित जमलंही असतं, पण पूर्वेच्या चार मजली सोसायटीचा पुनर्विकास झाला. आता तिथे बावीस मजले आहेत. सकाळचं ऊन सव्वानऊला दोन विंगांच्या फटीतून येतं, भिंतीवर कॅलेंडराएवढं पडतं आणि दहाच्या आत जातं. तेवढ्यात पाच घड्याळं फिरवायची. ऑफिसात उशिराचं कारण म्हणून मी अजून मध्य रेल्वेचंच नाव सांगतो.

दुरुस्ती हा वेगळाच जाच. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून हेलिओमॅट सगळीकडून फिरवलं आणि विचारलं, ''साहेब, चावी कुठंय?''

''चावी नाही काका, उजेडावर चालतं.''

''मग आमच्या दुकानात कशाला आणलंत? इथे ट्यूब पण अर्धीच लागते.''

माणूस कसबी, एचएमटीची हाडं न् हाडं ओळखणारा. पण अडलं की हात शिवशिवतात. त्यांनी जुना सेल काढून साधा पेन्सिल सेल बसवून दिला. घड्याळ आठवडाभर असं पळालं की मी त्यांना पेढे नेऊन दिले. साधा सेल चार्ज होण्यासाठी नसतो. वरून पट्टी त्याला बळेच भरवत राहिली, तसा तो फुगला आणि पाझरला. पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरं मीठ चढलं. ते मी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने दोन रात्री खरवडत होतो. बायकोने दारातून एकदा पाहिलं आणि आमच्या लग्नाच्या अल्बमवरची धूळ किती दिवसांची आहे, तेवढं सांगून गेली.

मग पाऊस. जून संपेपर्यंत चार घड्याळांनी चार वेगवेगळ्या वेळांना प्राण सोडले. बंद घड्याळं दिवसातून दोनदा तरी बरोबर असतात, असं मी म्हणून पाहिलं. कोणी हसलं नाही.

पाचवं मात्र दिसेचना. कपाट, माळा, संडासाचा कठडा, सगळं धुंडाळलं. शेवटी आई म्हणाली, ''अरे, ते मी केव्हाच देवघरात ठेवलंय. बिचारं चालत नव्हतं.''

बघतो तर चालतंय! देवघरात दिवसरात्र एलईडीचा दिवा असतो, आणि घड्याळ त्याच्या अगदी नाकासमोर, बाळकृष्णाच्या उजव्या हाताला. वर जास्वंद. आणि ती काळसर पट्टी, जिच्यावर मी वर्षभर बोटाचा ठसा उमटू दिला नव्हता, तिच्या बरोबर मधोमध हळदीकुंकवाचं बोट.

''आई, ते पुसायला हवं. उजेड अडतो.''

''वाहिलेलं पुसतात होय रे?''

आता आरती त्या घड्याळावर होते. ते पंचवीस मिनिटं मागे आहे. आरती होईपर्यंत आईकडून चहा मिळत नाही.