फिल्टर लावा, व्हिडिओ उचला, पैसे कमवा म्हणे!

आज डोकं फिरलंय त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, ज्याला कंटाळा येईल त्याने सरळ खाली स्क्रोल करा, मला आज ओकायचंय.

२०२४ च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेबाराला घरी आलो, डबा गरम करता करता मोबाईल बघत होतो आणि एका 'सरांची' जाहिरात आली. सर म्हणायचं कारण ते स्वतःच स्वतःला सर म्हणवून घेतात, कुठल्या शाळेत शिकवलंय देव जाणे. तर सर म्हणतात, मित्रांनो चेहरा दाखवायचा नाही, आवाज द्यायचा नाही, कॅमेरा घ्यायचा नाही. यूट्यूबवर सर्च करा, फिल्टरमध्ये जा, क्रिएटिव्ह कॉमन्सवर (म्हणजे मालकाने इतरांना वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवलेले व्हिडिओ) टिक करा, जे येईल ते उचला, दोन-चार तुकडे जोडा, खाली म्युझिक टाका आणि झोपा, सकाळी डॉलर. शंभर टक्के लीगल. कॉपीराइट येणारच नाही. मी त्या कोर्सचे २४९९ रुपये भरले. होय भरले. रविवारी दुपारी बायको म्हणाली अहो जेवून घ्या, मी म्हटलं थांब, वेबिनार चालू आहे. अजून ऐकवते ती मला ते.

आता गंमत बघा, सरांचं सगळंच काही खोटं नाहीये, हाच तर खरा हरामखोरपणा आहे. फिल्टर आहे. टिक आहे. लायसन्स पण खरं आहे, सीसी बाय, म्हणजे मूळ मालकाचं नाव द्या, लायसन्सची लिंक द्या, काय बदल केले ते सांगा आणि मग वापरा, पैशासाठी वापरलं तरी चालेल. सरांनी काय केलं, ही 'वापरायची परवानगी' आणि 'यूट्यूबने जाहिरातीचे पैसे देणं' या दोन वेगळ्या गोष्टी एका धाग्यात ओवल्या आणि आम्हा येड्यांच्या गळ्यात घातल्या. मामाने शेत फुकट कसायला दिलं म्हणून बाजार समितीने आपला माल घेतलाच पाहिजे असं होतं का? मामा वेगळा, समिती वेगळी.

आठ महिने केलं मी ते. आठ. शिफ्टवरून येऊन रात्री दोन-दोनपर्यंत एडिटिंग. समुद्रातले प्राणी, ज्वालामुखी, ग्रह-तारे, पावसाळ्यातले किल्ले, जे मिळेल ते. सत्तेचाळीस व्हिडिओ. त्यातल्या पहिल्या एकतीस व्हिडिओत माझं स्वतःचं काय होतं तर मराठीत लिहिलेली चार वाक्यं आणि शेवटी "सबस्क्राइब करा". एक हजार सबस्क्रायबर झाले, लोकांनी व्हिडिओ बघितल्याचे बारा महिन्यांत लागणारे चार हजार तास आठ महिन्यांतच भरले, आईने देवापुढे पेढे ठेवले (पेढे पण मीच आणले होते), मॉनेटायझेशनला, म्हणजे जाहिरातीचे पैसे मिळायला, अप्लाय केलं आणि रिजेक्ट. कारण, रीयूज्ड कंटेंट.

मग पहिल्यांदा मी नियम वाचला. आठ महिन्यांनी. आणि तिथे लख्ख लिहिलंय की दुसऱ्याचं कंटेंट काही खास भर न घालता वापरलं तर मॉनेटायझेशन नाही, आणि हे कॉपीराइटपेक्षा वेगळं आहे, मूळ मालकाची परवानगी असली तरीही लागू. तरीही! त्या एका शब्दात माझे २४९९ गेले. समीक्षा करा, रिअ‍ॅक्शन द्या, आपल्या आवाजात गोष्ट सांगा, तुकडे नवीन अर्थाने जोडा, मग चालतं, ते सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे यूट्यूबवर रागवायला सुद्धा जागा नाही हो, नियम कधीचा समोर टांगलेला, मीच वाचला नाही. पण ज्याने वाचून लपवला त्याचं काय? कारण त्याने वाचलाच असणार, नाहीतर "आवाज द्यायचा नाही" हे इतकं ठासून का सांगेल, आवाज द्यायला लागला तर त्याचा 'झोपेत कमवा' कोर्स विकणार कसा.

कोर्सच्या ग्रुपवर विचारलं तर सर म्हणाले, जुलैचा अपडेट आला ना, अल्गोरिदमने मारलं. मारलं म्हणे. जुलै २०२५ मध्ये जे झालं ते 'रिपिटिशस' म्हणजे एकाच छापाच्या व्हिडिओंच्या नियमाचं नाव बदलून 'इनऑथेंटिक' केलं, आणि रीयूज्ड कंटेंटच्या नियमात काही बदल नाही हे त्याच वेळी सांगितलं होतं. मी हे ग्रुपवर टाकलं तर मेसेज डिलीट, आणि खाली सरांचा हात जोडलेला इमोजी.

आणि हे तर काहीच नाही, खरं पाणी कुठे मुरलंय ते पुढे.

किल्ल्यांचा व्हिडिओ माझा सगळ्यात चाललेला. धुकं, धबधबे, बुरुजावरून ड्रोन हळूच मागे जातो असा एक शॉट, बघून अंगावर काटा यायचा. कुठल्यातरी चॅनेलवर सीसीची टिक होती, तिथून घेतलेला, वर्णनात "क्रेडिट टू ओनर" पण टाकलं होतं, (हे पण सरांचंच ज्ञान, मालक कोण ते माहीत नाही पण श्रेय त्याला, वा रे वा). एक दिवस एका पोराचा मेसेज आला, दादा, पंचेचाळीस सेकंदांपासून पुढचा शॉट माझा आहे, काढाल का प्लीज. मी काय केलं? सरांच्या पीडीएफमध्ये अशा वेळी द्यायचं तयार उत्तर होतं, ते चिकटवलं. "भाऊ, क्रिएटिव्ह कॉमन्स आहे, आधी नीट चेक करा." दादा म्हणणाऱ्या पोराला. दोन दिवसांनी कॉपीराइट स्ट्राइक आला, म्हणजे व्हिडिओ काढला आणि चॅनेलला ताकीद.

नंतर त्याने ओरिजिनल फाइल दाखवली. तारीख, वेळ, सगळं. पहाटे तीनला गड चढायला घेतलेला, ड्रोन हप्त्यावर घेतलेला, तीन शनिवार पावसाने वाया गेले तेव्हा चौथ्या शनिवारी तो शॉट मिळाला. त्या दुसऱ्या चॅनेलवाल्याने तो उचलून आपल्याकडे टाकला आणि वर सीसीची टिक मारून जगाला वाटून टाकला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! ज्याची मालकीच नाही तो कसली परवानगी देणार, आणि त्याने दिली म्हणून मी घेतली तर ती मला कुठून मिळाली? टिक मारायला काय लागतं, बोट लागतं. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या मोकळ्या फोटो-व्हिडिओंच्या साठ्यात, यूट्यूबचा सीसी व्हिडिओ चढवला तर कोणीतरी अनुभवी माणूस मूळ पानावर जाऊन लायसन्स तपासून नोंद करून ठेवतो, कारण उद्या मालकाने टिक बदलली तर पुरावा काय, आणि अपलोड करणारा खरा मालक दिसत नसेल तर तिथे फाइल उडते. फुकट काम करणारे लोक एवढी काळजी घेतात आणि आमचे २४९९ घेणारे सर म्हणतात आधी नीट चेक करा. मी त्या पोराची माफी मागितली, व्हिडिओ आधीच गेला होता. त्याने स्ट्राइक मागे घेतला, खरंच घेतला, नाहीतर नव्वद दिवस डोक्यावर लटकला असता आणि तीन झाले की चॅनेलच बंद. मला अजून त्या मेसेजची लाज वाटते, "आधी नीट चेक करा" लिहिलं होतं मी.

बरं जे खरोखर सीसी आहे ते तरी सरळ आहे का, तर तेही नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे एकच लायसन्स नाही. २००२ च्या डिसेंबरात पहिली लायसन्स आली तेव्हापासून त्यात प्रकार आहेत. एनसी असेल तर धंद्यासाठी नाही. एनडी असेल तर कापाकापी करून वाटायचं नाही. एसए असेल तर तुम्ही बनवलेलं सुद्धा त्याच लायसन्सखाली सोडायचं, म्हणजे उद्या कोणीही तुमचं तसंच घेऊन जाऊ शकतो. यूट्यूबवर फक्त सीसी बाय असतं, पण सरांनी पुढे सांगितलं की बाकीच्या साइटवरून पण घ्या, "सीसी दिसलं की उचला". माझे चार व्हिडिओ एनसीवाल्या फुटेजचे निघाले. चार. मीच काढले, कोणी सांगायच्या आधी.

आणि म्युझिक! पालखीचा एक व्हिडिओ, चालणारे वारकरी, शूट करणाऱ्याने स्वतः सीसी बाय दिलेला, सगळं स्वच्छ, पण मागे कुठल्यातरी मंडपातल्या स्पीकरवर अभंग चालू. तुकोबांचे शब्द सगळ्या जगाचे, पण ते रेकॉर्डिंग नाही, आपल्याकडे रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं चालतो. क्लेम आला एका म्युझिक कंपनीचा, म्हणजे यातलं रेकॉर्डिंग आमचं असा दावा. व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या, मी खूश, च्यायला जाहिराती दिसायला लागल्या! तर पैसे त्यांना. माझं चॅनेल मॉनेटाइज नाही, माझ्या व्हिडिओवर जाहिराती, पैसे तिसऱ्याच्या खात्यात. इथे निदान त्यांचं काहीतरी होतं, नसतानाही क्लेम येतात ते वेगळंच. २०१२ मध्ये नासाने मंगळावर क्युरिऑसिटी ही गाडी उतरवली आणि नासाच्याच चॅनेलवरचा त्यांचाच व्हिडिओ एका न्यूज कंपनीच्या क्लेममुळे खाली गेला होता. ब्लेंडर हे फुकट अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशनने स्वतः बनवून सीसी बायखाली मोकळी सोडलेली शॉर्ट फिल्म २०१४ मध्ये सोनीच्या क्लेममुळे ब्लॉक झालेली. आणि ऑस्ट्रेलियात एकाने दहा तासांची नुसती खरखर, व्हाइट नॉइज, टाकली तर तिच्यावर पाच क्लेम. खरखरीवर! क्लेमला हरकत घेतली की समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, तोपर्यंत वारी पंढरपूरला पोचून परत आलेली असते.

हे सगळं कळल्यावर म्हटलं चला, नीट करू. ते पहिले एकतीस बिनआवाजाचे उडवले. आणि मग कळलं की डिलीट केलेल्या व्हिडिओचे तास मोजत नाहीत. चार हजार चारशेचे झाले नऊशे. पुन्हा अप्लाय करायला तीस दिवस थांबा असं होतं, मला तर थांबायचीही गरज नाही, अप्लाय करण्याइतकंच उरलं नाही.

आता मी गोधडी डोक्यावर घेऊन आवाज रेकॉर्ड करतो. खरंच गोधडी, घुमत नाही त्यात. शेजारी कुकरची शिट्टी झाली की परत पहिल्यापासून. प्रत्येक क्लिपचं पान स्क्रीनशॉट करून ठेवतो, तारखेसकट, मालकाचं नाव आणि लिंक वर्णनात, काय कापलं ते पण. एका व्हिडिओला तीन रविवार जातात. व्ह्यूज दोनशे. झोपेत कमवा म्हणे, झोपच कमी झालीय.

आणि हे सगळं आजच का लिहितोय तर आज सकाळी कंपनीच्या बसमध्ये परत तीच जाहिरात आली. नवीन बॅच, आता एआय पण जोडलंय, किंमत १९९९, रात्री बारापर्यंतच. खाली "आमचे यशस्वी विद्यार्थी" म्हणून स्क्रीनशॉटची माळ, आणि त्यात तिसरा माझा. माझं चॅनेल. हजार सबस्क्रायबर झाले त्या दिवशी मी खुशीत ग्रुपवर टाकला होता तो, वर लाल अक्षरात "विद्यार्थ्याची कमाई सुरू!" कमाई शून्य आहे रे बाबा माझी, एक रुपया नाही आला.

सरांना मेसेज केला की हा माझा स्क्रीनशॉट आहे, काढा. मिनिटभरात उत्तर आलं. "भाऊ, ग्रुपवर टाकलेलं सगळ्यांसाठी असतं, आधी नीट चेक करा."